पुळणीवरचे सर

हे लिहिण्याआधी माफी मागायला हवी. मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. घरी छापलेलं असं जे काही असायचं ते म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका, देव्हाऱ्यामागे खोचलेल्या लग्नपत्रिका आणि माझी शाळेची पुस्तकं. त्यातून ज्यांच्याबद्दल लिहायचं ते जगताप सर अजून नोकरीत आहेत, आणि मी त्यांना न विचारता लिहितो आहे. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, "माझ्यावर कशाला? चिखल्यावर लिही की." चिखल्या हा एक पक्षी आहे, चिमणीपेक्षा जरासा मोठा. त्याच्याबद्दल मला लिहावंच लागेल, कारण त्याला वगळून सरांचं काही सांगता येईल असं वाटत नाही. सरांचे माझ्याहून हुशार विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कुणी अजून लिहिलेलं नाही, एवढ्या आधारावर मी धीर करतो आहे.

आमचं गाव संगमेश्वरापासून बरंच आत, नदीकाठी. अलीकडे एक वाडी, पलीकडे एक वाडी, मध्ये नदी. पावसाळ्यात ती दोन्ही काठ भरून धावते. दसऱ्याच्या सुमाराला पाणी उतरलं की वळणावर दगडगोट्यांचा एक लांबलचक पट्टा उघडा पडतो. त्याला आम्ही पुळण म्हणतो. तिथे कुणाचं काही काम नसे. म्हशींना खालचा डोह, कपडे धुवायला साकवाजवळचे, म्हणजे छोट्या पुलाजवळचे कातळ. पुळण ही गावाची रिकामी जागा होती. जगताप सर आमच्या शाळेत विज्ञान आणि खेळ शिकवायला आले आणि त्या रिकाम्या जागेवर जाऊन बसले.

ते सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी भागातले. आमच्याकडच्या हिरव्या डोंगरांचं, आंब्याकाजूचं सगळे पाहुणे कौतुक करतात, तसं त्यांनी कधी केलं नाही. पहिल्या पावसाळ्यात तर ते घुसमटलेलेच होते. कपडे वाळत नाहीत, चपलेला बुरशी येते, आभाळ दिसत नाही. नवरात्र संपून पुळण वर आली आणि सरांचा चेहरा उजळला. "आमच्याकडं नदी म्हणजे हीच," ते म्हणाले होते. "दगडं. पाणी पाहुण्यासारखं येतं, चहा घेऊन जातं."

ते आमच्याच पडवीतल्या खोलीत भाड्याने राहत. आईला ते वैनी म्हणत, आई त्यांना गुर्जी म्हणे. गावाहून ते ज्वारीचं पीठ आणायचे आणि भाकरी स्वतः थापायचे, कारण आईच्या हाताला तांदळाची भाकरी सवयीची. ज्वारीची तिच्या हातून फाटे. आई दारात उभी राहून बघायची आणि म्हणायची, "पुरुषमाणूस असून बरी थापताव." सर म्हणायचे, "वैनी, आमच्यात दुष्काळात सगळं शिकतात." बदल्यात आईने त्यांना खेकड्याचं कालवण खायला शिकवलं. पहिल्यांदा त्यांनी खेकडा कवचासकट चावला होता. ती गोष्ट आई अजून सांगते.

सरांकडे एक जुनी दुर्बीण होती. आमच्या हवेने पहिल्याच वर्षी तिच्या एका काचेत बुरशी धरली. आईच्या सांगण्यावरून ती पावसाळाभर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली जाई, तरी ती काच सुधारली नाही. तेव्हापासून सर एक डोळा मिटूनच पाहत. पोरं मागे त्यांची नक्कल करत. त्यांना ते कळायचं. एकदा वर्गात शिरताना त्यांनी स्वतःच एक डोळा मिटला आणि हजेरी घेतली.

गळ्यात खेळाच्या तासाची शिट्टी कायम असे. पुळणीवर पाय ठेवण्याआधी ती काढून खिशात टाकायची आणि डोक्याला टॉवेल गुंडाळायचा, हा त्यांचा नेम. नंतर हात मागे बांधून हळूहळू चालायचं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळे वर बघत होतो. सर म्हणाले, "पक्षी वर असतात असं कुणी सांगितलं तुम्हांला? आधी पायाखाली बघा. इथं जो जन्मतो तो दगडात जन्मतो."

त्यांच्यामुळे आमच्या शाळेच्या प्रार्थनेत एक नवीन गोष्ट आली. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार झाला की सर पुढे येऊन नदीची बातमी सांगत. पाणी उतरलं की "धोबी आला." हा पांढरा-राखाडी, शेपूट हलवत चालणारा पक्षी थंडीच्या आधी कुठून तरी लांबून येतो. मग तुतवार आला, पाण्याच्या कडेने ढुंगण हलवत फिरणारा. माघ लागला की "टिटवी जागा बघतेय." चैत्रात "पिल्लं चालायला लागली." आणि जूनमध्ये, "आजपासून नदीला सुट्टी." मुख्याध्यापक कपाळाला आठ्या घालून उभे असत; पण एका सकाळी सर तापाने पडून होते, तर त्यांनीच आम्हांला विचारलं, "काय रे, आज नदीवर काय?"

गाव मात्र हसायचं. "काय मास्तर, आज किती कोंबड्या बघितल्याव?" हे रोजचं. कुणी म्हणे, घाटावर पाणी नाही म्हणून हा पाणी बघायला बसतो. सर कुणाला उलट बोलत नसत. "या की बसायला, जागा लय आहे," म्हणत.

आता चिखल्याचं सांगतो. तो थोडं धावतो, एकदम थांबतो, पुन्हा धावतो. थांबला की दिसेनासा होतो. गळ्याला काळी पट्टी, डोळ्याभोवती पिवळी कडी. तो घरटं बांधतच नाही. गोट्यांमध्ये जरा खोलगट जागा करून तिथेच अंडी घालतो, आणि ती अंडी अगदी शेजारच्या खड्यांसारखी असतात. टिटवीचंही तसंच. माणूस वर उभा राहिला तरी त्याला दिसत नाहीत. हेच त्यांचं रक्षण, आणि आमच्या गावात हाच त्यांचा घात.

कारण शिमगा. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि घरोघर जाते. अलीकडची वाडी झाली की पलीकडच्या वाडीत. नदीवर साकव आहे, पण पालखी साकवावरून जात नाही. साकव माणसांनी परवा बांधला. देवाची वाट त्याच्या आधीची. ती पुळणीच्या मधोमध जाते. पुढे ढोल-ताशे, मागे अख्खं गाव, मुंबईहून आलेले चाकरमानी, पोरंबाळं, आणि पालखी नाचत असते तेव्हा कुणाची नजर पायाखाली नसते. आणि ऐन शिमग्यातच त्या गोट्यांत अंडी असतात.

सरांना हे पहिल्या वर्षी माहीत नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक उपाय केला. शाळेच्या मैदानावर आखणीला ठेवलेला चुना घेऊन त्यांनी गोटे रंगवले आणि प्रत्येक घरट्याभोवती पांढऱ्या गोट्यांचं कडं मांडलं. लोकांना दिसेल, लोक बाजूने जातील असा विचार. आम्हांलाही ते फार आवडलं. कडी लांबून, साकवावरूनही दिसायची. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर कडी होती, अंडी नव्हती. कावळ्यांनाही ती लांबून दिसली होती. प्रत्येक कड्याच्या मधोमध जाऊन त्यांनी अंडी उचलली होती. पालखी यायला अजून वेळ होता; ती आली आणि रिकाम्या कड्यांवरून गेली.

कडी रिकामी दिसली त्याच दिवशी सरांनी प्रार्थनेत बातमी सांगितली. "नदीवरची अंडी गेली. कावळ्यानं खाल्ली, पण दाखवली मी." एवढंच बोलून ते बाजूला झाले. शिक्षकाने सगळ्या शाळेसमोर असं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. मला वाटतं, त्या सकाळपासून आम्ही मुलं त्यांची नक्कल करायचं थांबलो.

तिसऱ्या वर्षी पुळणीवर चिखल्याची दोन घरटी आणि टिटवीचं एक, तिन्ही बरोबर पालखीच्या वाटेवर. खूण करायची सोय नव्हती. राहिला एकच उपाय, पालखीची वाट बदलायची. हे ऐकून आई भाकरी करता करता थांबली. "गुर्जी, ह्यात पडू नका," ती म्हणाली. "गावकीत तुमचा काय चालायचा नाय."

तिचं खरं होतं. गावकी, म्हणजे देवळात भरणारी गावाची बैठक, ही गावच्या माणसांची. बाहेरच्याला तिथे बसायला बंदी नसते, पण बोलायचा हक्क नसतो. सर गेले आणि चपला काढतात तिथे, पायरीवर बसले. त्यांना काय हवं आहे हे कळलं तेव्हा मंडपात आधी हसू पिकलं, मग आवाज चढले. एकाने म्हटलं, शाळा तुमची, पण देवाची वाट देवाची. दुसरा म्हणाला, "घाटावरून येऊन आता आमच्या देवाला वाट दाखवताव काय?"

सर उभे राहिले. हात जोडलेलेच होते. "मी वाट दाखवत नाही," ते म्हणाले. "तुम्ही देवाला विचारा, एवढंच म्हणतोय. देव नाही म्हणाला तर मी पुन्हा बोलणार नाही."

आमच्याकडे लग्न, घराचा पाया, बैलाची खरेदी, सगळं देवाला विचारून होतं. विचारू नका असं कोण म्हणणार? गावकीतले सर्वांत मानाचे गावकर आप्पा यांनी गुरवाला खूण केली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्यात तो देवाला गावातल्या सगळ्यांचं सांगतो, घरात असलेल्यांचं, मुंबईला कामाला गेलेल्यांचं, आणि प्रत्येक वाक्याला लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात. मग देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

डावी पडली.

सरांनी देवीला नमस्कार केला, "बरं" म्हणाले आणि पायऱ्या उतरले. घरी आल्यावर आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "देव काय एकदाच बोलत नाय, गुर्जी."

पालखी नदीवर आली त्या दिवशी शाळेची बरीच मुलं काठावर जमली होती. आमच्यातले काही जण घरट्यांपुढे साखळी करून उभं राहायचं म्हणत होते. सरांनी अडवलं. "कौल झालाय. आपण मध्ये पडायचं नाही." ते स्वतः पलीकडच्या काठावर करंजाच्या झाडाखाली उभे राहिले. दुर्बीण गळ्यात होती, पण डोळ्याला लावली नाही.

पालखीच्या पुढच्या उजव्या खांद्याला माझा चुलतभाऊ बाळूदादा होता. तो मुंबईत टेम्पो चालवतो. सरांची सगळ्यात जास्त टिंगल करणाऱ्यांत तो पहिला. "कोंबड्या" हा शब्द त्याचाच. पालखी पुळणीवर चढली तशी टिटवी वर उडाली आणि ओरडत ढोलावर झेपा घालायला लागली. लोक हसत होते. मग बाळूदादाच्या पायापुढे चिखल्या आला. मादी होती की नर, मला सांगता येणार नाही. तो एक पंख मोडल्यासारखा जमिनीवर फरफटत, कण्हल्यासारखा आवाज करत पुढे पुढे जाऊ लागला. हे त्याचं नाटक असतं. मला धरा, पण तिकडे जाऊ नका. आम्हांला सरांनी शिकवलं होतं. बाळूदादाला कुणी शिकवलं नव्हतं.

पालखीची चाल बिघडली. ती एकदा मागे आली, एकदा डोलली, आणि तिने उजवीकडे ओढ घेतली. चौघेही तिच्याबरोबर गेले. पुळण सोडून ती पाण्यात उतरली, गुडघाभर पाण्यातून लांबचा वळसा घालून पलीकडच्या काठाला लागली. वाजवणारे गोंधळून थांबले, मग धावत तिच्यामागे पाण्यात शिरले, आणि त्यांच्यामागे गाव. घरट्यांच्या बाजूला एकही पाय पडला नाही.

गावकर आप्पा ओल्या धोतराने वर आले. "काय झाला रे, बाळू?"

"ओढ लागली, आप्पा."

"कौल तर डावा व्हता."

"मना काय म्हायत. खांद्यावर हाय त्याला इचारा," बाळूदादा म्हणाला, आणि बाकीच्या तिघांनी मान हलवली.

पालखीला ओढ लागते, ती आपण होऊन वळते, हे आमच्याकडे सगळे मानतात. ती खांद्यावर असणाऱ्यालाच कळते. आप्पांनी देवीला हात जोडले. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी डोक्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला होता.

संध्याकाळी बाळूदादा आमच्या पडवीत आला. येऊन उगाच मोबाइल चाळत बसला. सरांनी त्याला स्वतः चहा करून दिला. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "बाळू, खरंच ओढ होती?"

"तुमी विज्ञान शिकवताव ना? तुमीच सांगा."

सर हसले. "पालखी चौघांच्या खांद्यावर असते. एकट्याच्या मनानं ती वळत नाही. म्हणजे ओढ होतीच की."

बाळूदादा दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने जायचा होता. तो गेला नाही. सरांबरोबर पुळणीवर गेला, त्यांच्यासारखाच एक डोळा मिटून त्याने दुर्बिणीतून पाहिलं. काय दिसलं ते त्याने आम्हांला सांगितलं नाही. पंधरवड्याने पिल्लं निघाली तेव्हा सरांनी प्रार्थनेतली बातमी संपल्यावर त्याला मुंबईला फोन केला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सरांच्या बदलीचा आदेश आला. त्यांच्याच तालुक्यात, घराजवळ. त्यांची आई म्हातारी होती. त्यांनी कधीचा अर्ज केलेला. आम्ही काही मुलं संगमेश्वरच्या एसटी स्टँडवर पोचवायला गेलो होतो. एक पत्र्याची पेटी, एक पिशवी, माझ्या आईने दिलेले तांदूळ. गाडी सुटली तेव्हा त्यांनी खिडकीतून दुर्बीण बाहेर काढली, एक डोळा मिटला आणि आमच्याकडे रोखली. हसतही नव्हते. पक्षी बघताना बघायचे तसंच, लक्ष देऊन. गाडी हमरस्त्याला वळेपर्यंत ते आम्हांला बघत होते. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

पुढच्या शिमग्याला बाळूदादाला रजा मिळाली नाही. पालखी जुन्या वाटेने, पुळणीवरून गेली. सरांचा फोन आला तेव्हा मला ते सांगावं लागलं. ते "बरं" म्हणाले. देवळाच्या पायरीवर म्हणाले होते तसंच. पुढे त्यांनी माझ्या अभ्यासाचं विचारलं. मी दापोलीला शिकायला आलो तो त्यांनीच अर्ज भरायला लावला म्हणून. तेव्हा माझ्या वडिलांना वाटत होतं, बारावी झाली, आता मुंबई.

यंदा परीक्षेमुळे मला शिमग्याला घरी जाता आलं नाही. दुपारी बाळूदादाचा फोन आला. मागे ढोल वाजत होते, त्यामुळे तो ओरडून बोलत होता. त्याने यंदा गावकीत स्वतः उभं राहून पालखीच्या वाटेचं पुन्हा विचारायला लावलं होतं. या वर्षापुरतं नाही, कायमचं. आप्पा आधी नको म्हणत होते, मग म्हणाले, विचारायला काय जातंय. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या लावल्या. उजवी पडली. पालखी पाण्याच्या कडेने गेली, आणि यापुढे तीच तिची वाट.

फोन ठेवण्याआधी त्याने आणखी एक सांगितलं.

मी लगेच सरांना फोन लावला. ते शाळेत होते, मधली सुट्टी असावी, पोरांचा कल्ला ऐकू येत होता. मी कौलाचं सांगितलं. "उजवा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "उजवा. कायमचा." ते म्हणाले, "घरटी किती आहेत यंदा?" मला ठाऊक नव्हतं. बाळूदादाला विचारून सांगतो म्हणालो.

"सर, अजून एक आहे," मी म्हणालो. "गाऱ्हाण्यात गुरवानं गावातल्यांची नावं घेतली, मुंबईला असणाऱ्यांची घेतली. आणि शेवटी म्हणाला, बा देवा म्हाराजा, जो कोण घाटावरचा मास्तर आमच्या पोरांना शिकवून गेला, तोही ह्या गावचाच. जिथं असेल तिथं त्याला सांभाळ."

पलीकडे पोरांचा आवाज येत राहिला.

"लोक काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"व्हय म्हाराजा म्हणाले, सर."

"सगळे?"

"सगळे."

मग सर वर्गात म्हणायचे तसं म्हणाले, "पुन्हा सांग. पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून सांगितलं.